न खाल्लेल्या केळ्यांची चोरी

आबा, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे. रडून झालं, शेजारच्यांनी आणलेलं पिठलं-भाकरी खाऊन झालं, राग मात्र जागचा हलत नाही. सहा वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडत आलो आणि ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही खुशाल निघून गेलात. दुपारी जेवलात, ओसरीवर आडवे झालात, मोठीमाय, तुमची कारभारीण, चहा घेऊन आली तोवर सगळं संपलेलं. असं मधेच उठून जायची तुमची सवय जुनीच. मी मुद्द्यावर आले रे आले की तुम्हाला नेमकं बागेत ठिबकची नळी बघायला जायचं असायचं.

म्हणून आता लिहून भांडते. कागदाला पाठ दाखवून बागेत जाता यायचं नाही.

मुळात मी या धंद्यात आले ती तुमचीच करणी. बारावीनंतर मी गृहविज्ञान घेणार म्हटल्यावर घरात केवढा हशा झाला होता! माझे वडील, म्हणजे तुमचेच धाकटे भाऊ, म्हणाले, "स्वयंपाक शिकायला कॉलेज? आईजवळ चुलीपाशी दोन दिवस बस, सगळं येईल." तुम्ही सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणालात, "घरी कसं रांधा ते शिकवतात. तिथं काय रांधा अन् कामून रांधा ते शिकवत असतील. जाऊ दे तिले." झालं. यावलहून चोपडा, अमळनेर करत धुळ्याला जाणाऱ्या एसटीत मला बसवायला तुम्हीच आलात आणि खिडकीतून केळ्याची एक अख्खी फणी आत ढकललीत. अमळनेर येईपर्यंत अर्ध्या गाडीनं ती खाल्ली.

पुढे मी धुळ्याच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून लागले. तुम्ही गावभर सांगत सुटलात, "आमची मनी डॉक्टरायले सांगते, पेशंटले काय खाऊ घालायचं ते." एवढी थाप मारताना तुमच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. आता कळतं, थापा मारण्यात तुमचा हात आधीपासूनच बसलेला होता.

तुमचा बीपी वाढला तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्यासाठी तक्ता लिहिला. सकाळी भाकरी एक, भाजी एक वाटी, असा. महिन्यानं सुट्टीवर आले तर तुमचं वजन दीड किलोनं वाढलेलं. "तक्ता पाळता ना?" विचारलं तर म्हणालात, "अक्षर न् अक्षर." जेवायला बसलो आणि मोठीमायनं तुमच्या ताटात भाकरी वाढली. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या पिठाची, ताटाच्या काठाबाहेर लोंबणारी, बोटभर जाड. मी कपाळावर हात मारला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू एक लिहिली, मी एकच खातो. केवढी ते लिहायचं तुह्यं राह्यलं." मग मी 'तळहाताएवढी' असं लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत, कोणाच्या तळहाताएवढी, माह्या का तुह्या? हसून हसून मोठीमायला ठसका लागला.

त्याच वेळी मी घरातलं मीठ बदललं. बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते. गावात मिळायचं नाही, म्हणून मी दर खेपेला धुळ्याहून दोन पुडे पिशवीत घालून आणायचे. "लोकायच्या लेकी पेढे आणतात, आमची मीठ आणते," असं तुम्ही ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला सांगायचात. आणि मी तुम्हाला सांगितलं होतं की केळीसुद्धा भरपूर खा, बीपीला चांगली. त्या दिवशी तुमची छाती फुगली! बागेतल्या बायांना, ट्रक भरणाऱ्या मजुरांना, सोसायटीतल्या क्लार्कला, सगळ्यांना सांगून आलात, "केयं औषध हाय. मनीनं सांगतलं."

नऊ वर्षं मीठ आणि केळी दोन्ही तुम्हाला मानवली. मग तुमची किडनी थकली.

जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसला होता. पोटॅशियम वाढलेलं. धडधाकट माणसात ते जास्तीचं पोटॅशियम किडनी बाहेर टाकते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही. मग ते रक्तात साठतं आणि एखाद्या दिवशी हृदयाचा ठोकाच बिघडवतं. म्हणजे बंद काय करायचं? नारळपाणी बंद, बटाटा-टोमॅटो जपून, आणि सगळ्यात आधी केळी बंद. चाळीस वर्षं केळी पिकवणाऱ्या माणसाला हे सांगायचं काम माझ्यावर आलं. तेसुद्धा ऐन कटाईत, आपल्याच बागेच्या बांधावर. तुम्ही समोरच्या घडाकडे बराच वेळ बघितलंत आणि "बरं" म्हणालात. एवढंच. जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी वाद घातला नाहीत, आणि तेव्हा मला तो हवा होता हो.

पण रडत बसाल तर तुम्ही आबा कसले! पंधरा दिवसांत तुम्ही केळी नाकानं खायला शिकलात. पिकलेलं केळं उचलायचं, नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "हे आज खा, हे उद्या दुपारी." एकदाही चुकला नाहीत. भाज्या चिरून पाण्यात भिजवायच्या, उकळून ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं, हे मी मोठीमायला शिकवलं. तर रोज सकाळी तुमचा स्वयंपाकघरात पुकारा, "काय व, बटाटे नाहाले का आज?" वांग्याला मी फारशी बंदी घातली नाही. एक वाटी भरीत चालेल म्हटलं आणि वाटीही दवाखान्याच्या मापाची आणून दिली, कारण एव्हाना मी शहाणी झाले होते. त्या वाटीकडे बघून तुम्ही म्हणालात, "ही तर कुंकवाची." पण पाळलंत. तुम्ही सगळं पाळत होता, आणि इथेच माझी गोष्ट वाकडी होते.

कारण रिपोर्ट सुधरेना. एक झाला, दुसरा झाला, तिसरा तर पहिल्याहून वाईट. डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, घरात लक्ष ठेवा, काहीतरी खाणं चालू आहे." माझ्या नाकावर राग असतोच, तो डोक्यात गेला. धुळ्याहून निघाले ती तशीच गावी येऊन थडकले. ओसरीवर तुम्ही, मोठीमाय, शेजारच्या सुमनअक्का आणि मिरच्या निवडायला आलेल्या चार बाया. मी पिशवीही खाली ठेवली नाही. "आबा, या वयात चोरून खाता? आपल्याच बागेत चोरी? मी तिकडे लोकांना शिकवते आणि माझ्याच घरचा माणूस मला फसवतो, लाज नाही वाटत?"

हे मी बोलले. सगळ्यांदेखत. तुमच्या तोंडावर.

तुम्ही उठलात, बागेकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "बागेची आण. तोंडात घातलं नही मी." मी म्हटलं, "मग रिपोर्ट खोटं बोलतो का?" तुम्ही गप्प बसलात. ते गप्प बसणं मी पुरावा म्हणून धरलं, आबा. एवढी शिकलेली मी!

पाय आपटत मी आत गेले. मागून मोठीमाय आली, पाणी दिलं, आणि नेहमीसारखं म्हणाली, "मिठाचे पुडे आणले का व माय? डबा रिकामा होत आला." मी पिशवीत हात घातला, पुडा काढला, तिच्या हातात द्यायला गेले आणि माझा हात तिथेच थांबला. मी पुडा उलटा केला. मागं बारीक अक्षरात लिहिलेलं. सोडियम कमी केलं तर त्या जागी काहीतरी घालावं लागतं, खारट चव यायला. ते काय असतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पोटॅशियम. बीपीवाल्याला ते चांगलंच, पण किडनी थकलेल्याला तेच घातक. केळी बंद केली, नारळपाणी बंद केलं, बटाट्याला आंघोळी घातल्या, आणि वरून चिमूट चिमूट मीच वाढत होते. धुळ्याहून एवढ्या लांबून, लाडानं आणून.

मागच्या दारी, म्हशीच्या गोठ्यापाशी तुम्हाला एकट्याला बोलावलं आणि पुडा दाखवून सगळं सांगितलं. वाटलं, आता तुम्ही ओरडाल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही पुडा हातात घेऊन उलटसुलट केलात, अक्षर बारीक म्हणून डोळ्यांपासून लांब धरलात, आणि पोट धरून हसायला लागलात. "म्हणजे केयं नव्हतं? अजिबात नव्हतं? पाह्य, मह्या बागेनं मले दगा नही देल्ला!" तुमचा जीव टांगणीला लागला होता आणि तुम्हाला आनंद कशाचा, तर केळं निर्दोष सुटलं याचा.

तेवढ्यात प्रकाशभाऊ बागेतून तणतणत आला. तुमचा मुलगा, रागाच्या बाबतीत माझा सख्खा भाऊ शोभतो. कोणीतरी त्याला रिपोर्टचं सांगितलं होतं. "आबा, खरं सांगा, खाल्ली का केळी?" मी तोंड उघडलं. आणि तुम्ही माझ्याआधी बोललात. "खाल्ली. रोज दोन."

आबा! अहो, बागेची आण घेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

प्रकाशभाऊनं घर डोक्यावर घेतलं. तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. आणि तो गेल्यावर पुडा गोठ्याच्या वळचणीला खोचून मला म्हणालात, "हे कोणाले सांगजो नको. गल्लीतल्या बाया तुह्यं ऐकून लेकरांले अंडं द्यायले लागल्या. पोरी लोहाच्या गोया खाऊ राह्यल्या. उद्या म्हणतील, हिनं तं चुलत्यालेच उलटं खाऊ घातलं. मंग कोण ऐकीन तुह्यं?" मी म्हटलं, "पण चूक माझी आहे." तुम्ही म्हणालात, "हाय ना. सुधार ती. बोभाटा कामून करते?"

त्या दिवसापासून घरात साधं मीठ आलं, तेही अगदी मोजकं. महिन्यानं पोटॅशियम उतरलं. डॉक्टर खूश, प्रकाशभाऊ खूश. सगळ्या गावात बोलबाला, आबानं केळी सोडली, काय निश्चय म्हाताऱ्याचा! तुम्हाला निश्चयाचं कौतुक पचलं आणि चोरीची बदनामीही पचली. उलट तुम्ही ती गोष्ट फुलवत गेलात. साली म्हशीला घालायचो म्हणून पुरावा सापडला नाही, ही भर पहिल्या वर्षीची. टोपीत एका वेळी तीन मावतात, ही तिसऱ्या वर्षीची. पारावर तुम्ही ती सांगायला लागलात की लोक हसून लोळायचे आणि मी घरात बसून ओठ चावायची.

मी दर खेपेला तेच म्हणायची, आबा, मला सांगू द्या. तुम्ही म्हणायचात, नको. मी म्हणायची, लोकांना कळायला हवं, आणखी कोणाच्या घरात तेच मीठ असेल. तुम्ही म्हणायचात, तुह्यं नाव गेलं तं त्यायले सांगणार कोण? मी म्हणायची, खोट्यावर उभं राहिलेलं नाव काय कामाचं? आणि मग तुम्हाला ठिबकची नळी आठवायची. सहा वर्षं, आबा. तुम्ही गेलात ते या मिठानं नाही, हे मला डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं. पंच्याऐंशीव्या वर्षी, पोटभर जेवून गेलात, यापेक्षा चांगलं जाणं मी तरी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. ही सहा वर्षं मिळाली याबद्दल मी कोणाकोणाचे आभार मानू, कळत नाही. पण तुमची माफी मागायची राहिली ती राहिलीच. तेव्हा मागायला गेले तर "माफी म्हशीपाशी माग, तिच्या नावावर साली लावल्या मी" म्हणालात आणि हसण्यावारी नेलंत.

परवा तुमची गंधमुक्ती, म्हणजे तेरावं, झालं. मांडवात माणूस मावत नव्हतं. जेवणाआधी चारजण बोलायला उभे राहिले, आणि आबा, लोक रडण्याऐवजी हसतच होते. शेवटी प्रकाशभाऊ उठला. त्यानं केळीचोरीची गोष्ट सांगितली, टोपीसकट. मांडव हसला. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "नंतरच्या सहा वर्षांत मी आबांच्या हातात एक केळं दिलं नाही. घड उतरवताना त्यांना लांब उभं करायचो. विश्वासच नव्हता माझा. ते मात्र कधी रागावले नाहीत."

मग मला बसवेना. तुम्ही असता तर डोळे वटारले असते. पण तुम्ही फोटोत होता आणि फोटोत तुम्ही हसत होता. मी उठले आणि सगळं सांगितलं. पुडा, पोटॅशियम, ओसरीवर मी बोललेले शब्द, बागेची आण, गोठा, सगळं. "आबांनी एक केळंही चोरलं नव्हतं. माझं नाव राहावं म्हणून त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं. चूक माझी होती."

प्रकाशभाऊ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा हात उगारतो का काय. तो फोटोकडे वळला आणि म्हणाला, "अरे बाप्पा, म्हणजे रिपोर्ट खरा, आन् चोरच खोटा?" आणि रडता रडता हसायला लागला. मोठीमाय खाली बसल्या बसल्या म्हणाली, "मले ठाऊक होतं. डब्यातलं मीठ कोणाच्या सांगण्यावरून बदललं? रांधत तं मीच होते ना." सहा वर्षं तीही गप्प! तुम्ही दोघं म्हणजे धन्य आहात.

तुम्ही म्हणाला होता, बाया तोंड फिरवतील. आता ऐका. काल सकाळी सात वाजता दारात सुमनअक्का. पदराखाली काहीतरी. त्यांच्या मागं आणखी तिघी, मग दोघी, मग पाराजवळच्या शेख मास्तरांची सून. प्रत्येकीच्या हातात आपल्या घरचा मिठाचा पुडा. "मनीताई, मागचं बारीक अक्षर वाचून दे ना." आता ते मीठ यावलच्या दुकानातही मिळतं, मला पत्ताच नव्हता. मी ओसरीवर बसून एकेक पुडा वाचला आणि घरात बीपी कोणाला, किडनीचं कोणाला, रिपोर्ट आहेत का, सगळं विचारलं. बहुतेकींना म्हटलं, चालेल, खुशाल वापरा, केळीही खा.

सुमनअक्कांना मात्र त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारलं, "अक्का, नानांच्या पायाला सूज कधीपासून आहे?" त्या म्हणाल्या, दिवाळीपासून. डॉक्टरनं किडनीचं सांगितलंय, केळी बंद केलीत, नारळपाणी बंद केलंय, तक्ता भिंतीला चिकटवलाय, नाना अगदी कडक पाळतात. पुडा अर्धा संपलेला होता.

मी पुडा माझ्याकडे ठेवला, प्रकाशभाऊला गाडी काढायला लावली आणि दोघांना घेऊन थेट जळगाव गाठलं. रक्त तपासलं, ईसीजी काढला, नानांना ठेवून घेतलं. संध्याकाळी तरुण डॉक्टर हातात कागद घेऊन बाहेर आले. म्हणाले, आता धोका नाही, पण पोटॅशियम बरंच चढलं होतं, आणखी काही दिवस गेले असते तर कठीण होतं. "मिठाचं बरोबर ओळखलंत. कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी पुढं सरसावले, घसा साफ केला. खोटं कशाला बोलू, आबा, मला सांगायचं होतं, मी सांगितलं म्हणून. पण सुमनअक्का माझ्याआधी बोलल्या.

"आमच्या गावच्या आबांनी सांगतलं. पंधरवड्याखाली वारले ते."

डॉक्टर बघतच राहिले. मी तिथंच, त्या दवाखान्याच्या बोळात, सगळ्यांदेखत हसत सुटले आणि हसता हसता रडायला लागले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.